अकारविल्ह्याची माणसं

इसवी सन १६०४ मध्ये लंडनला एक छोटेखानी पुस्तक छापलं गेलं, 'अ टेबल अल्फाबेटिकल'. कर्ता रॉबर्ट कॉड्री नावाचा शाळामास्तर. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा पहिला छापील कोश असा त्याचा मान आहे. शब्द सारे अडीच हजारांच्या आसपास. मला मात्र त्या शब्दांहून मोलाची वाटते ती आरंभी वाचकाला केलेली सूचना. कॉड्री सांगतो, मुळाक्षरं पुस्तकात न बघता म्हणता येतील इतकी पक्की करा. कोणतं अक्षर कुठे येतं ते ठाऊक पाहिजे: 'बी' सुरुवातीजवळ, 'एन' साधारण मध्यावर, 'टी' शेवटाकडे. मग शब्द 'ए'ने सुरू होत असेल तर तक्त्याच्या आरंभी पाहा, 'व्ही'ने होत असेल तर अखेरीकडे. शब्दाच्या तोंडी 'सी-ए' असेल तर तो 'सी'च्या सुरुवातीला सापडेल, 'सी-यू' असेल तर 'सी'च्या शेवटी.

शेक्सपिअर त्या वेळी लंडनमध्ये नाटकं लिहीत होता. इंग्लंडात छापखाना येऊन सव्वाशे वर्षं उलटली होती. तरीही शब्द शोधायचा कसा, हे कोशकाराला वाचकाचं बोट धरून सांगावं लागत होतं. एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द एकापाशी एक ठेवायचे, आणि त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराचा क्रम पाळायचा, ही रीत आपल्याला उपजत असल्यासारखी वाटते. ती कुणीतरी घडवली आहे, कुणीतरी शिकवली आहे, आणि हजारो माणसांनी मान मोडून निभावली आहे. त्या माणसांबद्दल मला लिहायचं आहे, कारण माझी सारी नोकरी त्याच कामात गेली.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात तालिकेचं काम करत असे. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं कार्ड, खाली मध्यावर भोक, ड्रॉवरमधून जाणारी सळई. पुस्तक आलं की त्याची कार्डं करायची, लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाचं, आणि ती अकारविल्हे लावायची. सळई काढायची, जागा शोधायची, कार्ड घालायचं, सळई परत सरकवायची. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम बिनडोक वाटतं. पण इंग्रजी कार्डं लावताना 'न्यू यॉर्क' आधी की 'न्यूटन' आधी, हे ठरवावं लागतं. सलग अक्षरं मोजली तर 'न्यूटन' आधी येतो, कारण 'टी' हा 'वाय'च्या आधी. शब्दागणिक लावलं तर 'न्यू' हा अख्खा शब्द संपतो आणि 'न्यू यॉर्क' पुढे जातं. दोन्ही रीती बरोबर आहेत. मात्र एका ग्रंथालयात एकच चालली पाहिजे. नाहीतर पुस्तक कपाटात असूनही वाचकाच्या लेखी ते नसतंच.

कॉड्रीच्या आधी काय होतं? जुन्या मठांतून लॅटिन ग्रंथ वाचताना भिक्षू अवघड शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात त्याचा अर्थ लिहून ठेवत. पुढे कुणीतरी हे सुटे अर्थ ग्रंथांतून गोळा करून त्यांची यादी केली. आधी ज्या ग्रंथात शब्द ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने. मग पहिल्या अक्षराप्रमाणे ढीग पडले: 'ए'चे सगळे एकत्र, पण आत सगळा गोंधळ. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीची लॅटिन आणि जुन्या इंग्रजीची अशी एक शब्दयादी आहे. तिच्यात एक पाऊल पुढे पडलेलं दिसतं. तिथे पहिली दोन अक्षरं धरली आहेत. 'ए-बी'चे शब्द एका ठिकाणी, मग 'ए-सी'चे. त्या दोन अक्षरांच्या आत मात्र शोधणाऱ्याने ओळ न् ओळ वाचायची. पहिल्या अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत यायला माणसांना किती पिढ्या लागल्या हे पाहिलं की मला त्या अनाम लिहिणाऱ्यांविषयी माया वाटते.

एवढा वेळ का लागला, याचं एक कारण अगदी हातातलं आहे. चामड्याच्या पानावर एकदा लिहिलं की मधे शब्द घुसवता येत नाही. काटेकोर क्रम लावायचा तर सगळे शब्द आधी हाताशी हवेत, आणि ते सुट्या तुकड्यांवर हवेत. चर्मपत्र इतकं महाग, की त्याचे तुकडे असे उधळायची ऐपत फार थोड्यांची. स्वस्त कागद हाती आल्यावर हे काम खऱ्या अर्थाने शक्य झालं.

दुसरं कारण मनातलं होतं. जगाला एक क्रम आहे, तो देवाने लावलेला आहे, आणि पुस्तकाने तोच पाळावा, असं विद्वानांना वाटे. इसवी सन १००० च्या सुमाराला एल्फ्रिक नावाच्या इंग्रज मठाधिपतीने लॅटिन शिकणाऱ्या मुलांसाठी शब्दसंग्रह केला. तो सर्वशक्तिमान देवापासून सुरू होतो, मग आकाश, देवदूत, माणूस, नाती, प्राणी, झाडं, असा खाली उतरत जातो. अकारविल्हे लावलं तर लॅटिनमध्ये देवदूत 'ए'मध्ये जाणार आणि देव त्याच्यामागून 'डी'मध्ये येणार. ज्याला शब्द ठाऊक नाही त्याची सोय होईल, पण मांडणीचा मान जाईल.

आपल्याकडची परंपरा याहून वेगळी नाही. अमरकोश स्वर्गवर्गापासून सुरू होतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून झालेला राजव्यवहारकोश दहा वर्गांत आहे: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, पण्यवर्ग आणि इतर. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात अनेकार्थी शब्द आहेत, ते तर शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाप्रमाणे लावले आहेत. ककारान्त आधी, खकारान्त मग. आजच्या वाचकाला ते उलटं वाटेल. पण हे कोश उघडून शोधण्यासाठी नव्हतेच, पाठ म्हणण्यासाठी होते. ज्याच्या जिभेवर सगळा कोश आहे त्याला पान शोधावं लागत नाही, त्याला छंद पुरतो. अकारविल्ह्याची गरज पडते ती ज्याचं पाठांतर झालेलं नाही, ज्याला गुरूने पुढ्यात बसवलेलं नाही, त्याला. या एका गोष्टीसाठी मी अकारविल्ह्याला विद्येच्या इतिहासात फार वरचं स्थान देते.

इटलीत जेनोआचा डॉमिनिकन साधू जोव्हानी बाल्बी याने १२८६ मध्ये 'कॅथॉलिकॉन' हा लॅटिन कोश पुरा केला आणि त्यात क्रम शेवटच्या अक्षरापर्यंत नेला. त्यालाही वाचकाला समजावून सांगावं लागलं: 'आमो' आधी, 'बिबो' नंतर, कारण 'ए' आधी आणि 'बी' नंतर. 'आबेओ' आधी, 'आदेओ' नंतर, कारण पहिलं अक्षर सारखं असलं तरी दुसऱ्या जागी 'बी' हा 'डी'च्या आधी. अशी उदाहरणं देत देत तो पुढे जातो आणि वाचकाला विनवतो की माझ्या या कष्टाला आणि या क्रमाला क्षुल्लक समजू नकोस. विनवण्या सहसा देवाला नाहीतर राजाला केलेल्या असतात. इथे एक साधू अक्षरांच्या रांगेसाठी हात जोडतो आहे. ज्याने कधी ड्रॉवर लावला असेल त्याला त्यातलं आर्जव कळेल.

आता पुन्हा कॉड्रीकडे येते. तो रटलंड या लहानशा परगण्यात धर्मोपदेशक होता, ओकम गावी त्याने शाळेत शिकवलं होतं. चर्चने ठरवून दिलेल्या प्रार्थनाविधीप्रमाणे तो वागेना, म्हणून १५८० च्या दशकात त्याची उपदेशकाची जागा गेली. पुढे म्हातारपणी, लंडनमध्ये मास्तरकी करणारा मुलगा टॉमस याच्या मदतीने, त्याने हा कोश काढला. पाच खानदानी स्त्रियांना तो अर्पण केला, आणि मुखपृष्ठावर छापलं की हे पुस्तक स्त्रियांसाठी आणि इतर अशिक्षितांसाठी आहे. आजच्या कानाला हे शब्द लागतात. पण त्या काळची स्थिती अशी होती की लॅटिन मुलगे शिकत, मुली नाहीत. इंग्रजीत तेव्हा लॅटिन-ग्रीक-फ्रेंच शब्दांचा लोंढा आला होता. चर्चमधल्या प्रवचनात ते शब्द पडत आणि बाकावर बसलेल्या बायकांना अर्थ लागत नसे. कॉड्रीने नेमके तेच शब्द घेतले. फ्रेंचमधून आलेल्यांना एक खूण केली, ग्रीकमधून आलेल्यांना दुसरी.

त्याच्या पहिल्याच पानावर 'ए-बी'ची मंडळी भेटतात. 'अबँडन', म्हणजे टाकून देणं, सोडणं. 'अबॅश', लाजणं. 'अब्बा', बाप. मग जोगिणींच्या मठाची मुख्य, 'अ‍ॅबेस'. मग 'अ‍ॅबरेशन', वाट चुकणं. लगेच 'अ‍ॅब्रिव्हिएट', आखूड करणं. नीट पाहिलं तर 'ए-बी-ई'चा 'अ‍ॅबरेशन' हा 'ए-बी-बी'च्या शब्दांमध्ये शिरला आहे, जागा सोडून. पण मी सांगू इच्छिते ते वेगळंच. 'टाकून देणं', 'लाजणं', 'बाप' आणि 'मठाची मुख्य' यांचं एकमेकांशी काही नातं नाही. एक लॅटिनकडून आलेला, एक फ्रेंचकडून, 'अब्बा' तर येशूच्या अरामी बोलीतला. कोण थोर, कोण सामान्य, हे न विचारता तोंडची दोन अक्षरं जुळली म्हणून ते एका बाकावर बसले. एल्फ्रिकच्या यादीत बापाची जागा नात्यांमध्ये असती आणि मठाची मुख्य वर धर्मकार्याच्या मंडळीत गेली असती.

कोश चालला. १६०९, १६१३, १६१७ अशा आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीची जगात एकच प्रत उरली आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात.

डॉक्टर जॉन्सनची कहाणी पुष्कळांनी सांगितली आहे, म्हणून मी तिच्यातलं माझ्या कामाशी जुळणारं तेवढंच घेते. लंडनच्या गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर तो आणि सहा लेखनिक बसत. त्यातले पाच स्कॉटिश. जॉन्सन पुस्तक वाचताना हव्या त्या शब्दाखाली शिसपेन्सिलीने रेघ मारी आणि समासात त्या शब्दाचं पहिलं अक्षर लिही. लेखनिक ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घेई आणि समासातल्या अक्षरावर काट मारी. १७५५ मध्ये दोन जाडजूड खंड बाहेर पडले, सुमारे ४२ हजार शब्दांचे, एक लाखाहून अधिक अवतरणांचे. हे सगळं ओझं समासातल्या त्या एकेका अक्षराने वाहिलं. जॉन्सनच्या कोशात 'आय' आणि 'जे' हे एकच अक्षर धरलं आहे, तसंच 'यू' आणि 'व्ही'. त्यामुळे 'जे'च्या गर्दीत मध्येच 'आयँबिक' हा छंदशास्त्राचा शब्द उभा दिसतो. इंग्रजी मुळाक्षरं सव्वीस ही संख्यासुद्धा कोशांत अशी हळूहळू रुजली आहे.

माझा जीव रमतो तो ऑक्सफर्डच्या कोशाच्या कथेत. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ मध्ये नव्या इंग्रजी कोशाचा विचार निघाला. प्रत्येक शब्दाचा सगळा इतिहास द्यायचा, पुराव्यानिशी. वाचकांना आवाहन झालं: पुस्तकं वाचा, शब्द वेचा, अर्ध्या कागदावर शब्द डावीकडे वर लिहा, खाली वाक्य, पुस्तक, साल. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज याने चिठ्ठ्यांसाठी ५४ कप्प्यांचं लाकडी कपाट करून घेतलं. एक लाखापर्यंत चिठ्ठ्या त्यात मावतील असा त्याचा अंदाज होता. १८६१ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी तो वारला. मागून आलेल्या फर्निव्हलने एकेक अक्षर एकेका हौशी उपसंपादकाला घरी वाटून दिलं. कामं रेंगाळली. काही जण कंटाळले, काही जग सोडून गेले, आणि अक्षरं जिथल्या तिथे पडून राहिली.

१८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाला. लंडनजवळच्या मिल हिल शाळेत तो शिक्षक होता. त्याच्याकडे सुमारे दोन टन चिठ्ठ्या येऊन पडल्या, पोत्यांत, पेटाऱ्यांत. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात जिवंत उंदरीण पिलांसकट, चिठ्ठ्यांचं घरटं करून. 'एच' अक्षर गायब होतं. शोध घेता ते इटलीत, फ्लॉरेन्सला सापडलं. 'पी-ए'ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या कॅव्हन परगण्यातल्या एका तबेल्यात मिळाल्या, आणि त्यातल्या पुष्कळ विस्तव पेटवायला वापरून झाल्या होत्या. हे वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं. प्रत्येक चिठ्ठीमागे कुणीतरी दिव्याजवळ बसून वाचलेलं एक पान होतं.

मरेने आवारात पत्र्याची खोली बांधली, तिला स्क्रिप्टोरियम नाव दिलं आणि आत १०२९ कप्पे करवले. ५४ वरून १०२९. 'ए-बी' ते 'झेड'पर्यंतच्या तोंडच्या अक्षरांना एवढी घरं लागली. १८८४ मध्ये पहिला भाग निघाला: 'ए' ते 'अँट'. ३५२ पानं झाली आणि आपण अजून मुंगीपाशी. पुढच्या वर्षी तो ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवर राहायला गेला. तिथेही घरामागच्या बागेत पत्र्याची खोली उभी राहिली, पण शेजाऱ्याच्या नजरेआड राहावी म्हणून ती जमिनीत थोडी खचवून बांधली होती. आत ओल, थंडी. मरे अंगावर जाड कोट घालून, पाय एका खोक्यात ठेवून काम करी.

आणि मुलं. मरेला अकरा मुलं होती, हॅरल्डपासून जोवेटपर्यंत, आणि सगळ्यांनी लहानपणी चिठ्ठ्या लावल्या. खाऊच्या पैशासाठी. पहिल्या अक्षराचे ढीग, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे, मग अख्ख्या शब्दाचे. त्यानंतर संपादकांनी अर्थाप्रमाणे आणि सालाप्रमाणे लावायचं. एवढा मोठा ग्रंथ मुलांच्या बोटांखालून गेला आहे. एल्सी आणि रॉसफ्रिथ या दोघी मुली तर मोठ्या झाल्यावर तिथेच कामाला लागल्या आणि वर्षानुवर्षं टिकल्या.

इतकं करूनही एक शब्द हरवला. 'बॉन्डमेड', म्हणजे गुलाम बाई, दासी. तिच्या चिठ्ठ्या कुठेतरी राहून गेल्या आणि 'बी'चा तो भाग छापून गेल्यावर सापडल्या. तेव्हा जागा बंद झाली होती. आजूबाजूचे 'बॉन्ड'चे सगळे शब्द कोशात आले, दासी बाहेर राहिली. १९३३ च्या पुरवणीत तिला घेतलं.

मरे १९१५ मध्ये 'टी' अक्षरावर काम करता करता वारला. हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी, चार्ल्स अनियन्स यांनी पुढचं निभावलं. पहिल्या महायुद्धानंतर टॉल्किन नावाचा एक तरुण तिथे 'डब्ल्यू'चे शब्द करत होता, 'वॉलरस' त्याच्याकडे होता. अक्षरं वाटून घेतल्यामुळे छपाईचा क्रम सरळ राहिला नाही. 'झेड' १९२१ मध्येच संपलं होतं, आणि १९२८ च्या एप्रिलमध्ये शेवटचा म्हणून जो भाग निघाला तो 'डब्ल्यू'चा होता, 'वाइज'पासून पुढचा. दहा खंड, ४,१४,८२५ शब्द, अठरा लाखांहून अधिक अवतरणं.

त्या जूनमध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये मेजवानी झाली. पंतप्रधान बाल्डविन यांचं भाषण झालं. सुमारे दीडशे पुरुष जेवायला बसले. बायकांची पंगत नव्हती. रॉसफ्रिथ मरे, ब्रॅडलीची मुलगी एलिनॉर, आणि पहिल्या भागांपासून हजारो अवतरणं पाठवणारी, मुद्रितं वाचणारी इतिहासकार इडिथ थॉम्पसन, या तिघींना सज्ज्यात बसून वरून पाहण्याची परवानगी मिळाली. मी याच्यावर काही न बोलता पुढे जावं, असं एका सहकाऱ्याने मला सुचवलं. मला ते पटत नाही. ज्यांनी शब्द लावले त्यांना ताट मिळालं नाही, हे लिहून ठेवलंच पाहिजे.

आता आपल्या वाचकाकडे येते. अकारविल्ह्याची सगळी भिस्त एका अटीवर आहे: शब्दाची पहिली अक्षरं ठाऊक पाहिजेत. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी शब्द कानाने आणतो. आमच्याकडे मुली विचारायच्या, 'बाई, नाइफ कुठे आहे? एनमध्ये तर नाही.' तो 'के'मध्ये आहे. 'नी', 'नाइट', 'नॉक', 'नो' सगळे 'के-एन'च्या घरात. 'नॅट', म्हणजे चिलट, 'जी-एन'मध्ये. 'राइट', 'राँग' 'डब्ल्यू-आर'मध्ये. 'सायकॉलॉजी' 'पी-एस'मध्ये. हा मुलींचा दोष नव्हे. जुन्या इंग्रजीत 'क्नेओ', 'क्नीफ' असंच म्हणत. जर्मन माणूस गुडघ्याला अजूनही 'क्नी' म्हणतो. सतराव्या शतकाच्या आसपास इंग्रजांच्या तोंडून तो 'क' गळला, पण तोपर्यंत छापखान्यांनी स्पेलिंग बांधून टाकलं होतं. कॉड्रीच्या वाचकांच्या आज्यांनी उच्चारलेला 'क' आपण अजून कोशात शोधतो. म्हणून मी कोशाच्या मेजापाशी एक कागद चिकटवून ठेवला होता: 'न' ऐकू आला तर 'के' आणि 'जी'ही पाहा, 'र' ऐकू आला तर 'डब्ल्यू'ही पाहा, 'स' ऐकू आला तर 'सी' आणि 'पी-एस'ही पाहा. मुली वहीत त्याच्या नकला करून नेत.

मराठीतही अशी अडचण आहे. शाळेत 'क्ष' आणि 'ज्ञ' वर्णमालेच्या शेवटी म्हणायची सवय, म्हणून मुलं मोल्सवर्थचा कोश मागून उघडतात. तिथे 'क्षण' 'क'मध्ये, 'ख'च्या आधी आहे, आणि 'ज्ञान' 'ज'मध्ये.

जेम्स मोल्सवर्थ कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आला आणि मराठीला चिकटला. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे भाऊ त्याच्या मदतीला होते. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत छापला गेला. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा शब्द साठ हजारांच्या घरात गेले होते. इंग्रजी-मराठी कोशाचं कामही त्याने आरंभलं होतं, ते टॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरं केलं. इंग्रजी शब्द 'ए'पासून 'झेड'पर्यंत रांगेत आणि समोर मराठी अर्थ, ही वाट आपल्या शाळांना त्याने घालून दिली. इंग्रजी शब्दार्थ पाठ करणाऱ्या आपल्या पिढ्या, ठाऊक असो वा नसो, त्याच वाटेने गेल्या.

पण या कोशांत शब्द आणले कुणी? शास्त्रीमंडळींनी. मोल्सवर्थच्या बरोबर काम करणाऱ्या शास्त्र्यांचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' त्याच्या दोन वर्षं आधी, १८२९ मध्ये निघाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, परशुरामपंत गोडबोले अशी ती माणसं. या पिढीच्या जिभेवर अमरकोश होता. पाठांतराच्या जगातून आलेल्या या विद्वानांनी बोलीतले शब्द, शेतकऱ्याचे, सुताराचे, बायकांचे, वेचून 'अ'पासून 'ह'पर्यंत मांडले, ज्याला काहीच पाठ नाही अशा वाचकासाठी. मला हे त्यांचं मोठं औदार्य वाटतं.

आमच्या ग्रंथालयात मोल्सवर्थची १९७५ ची पुणेरी पुनर्मुद्रित प्रत होती. तिचं कार्ड 'मोल्सवर्थ'खाली होतं, 'कँडी'खाली जोड नोंद होती. शास्त्र्यांची नव्हती. मी ती केली. क्रमवंत 'क'मध्ये, गोडबोले 'ग'मध्ये, घगवे 'घ'मध्ये, जोशी 'ज'मध्ये, फडके 'फ'मध्ये, प्रत्येकाखाली 'पाहा' म्हणून कोशाचं नाव. पुढे कार्डं मोडीत निघून संगणक आला, तेव्हा नव्या मुलाला शेजारी बसवून त्या पाचही नोंदी आधी चढवून घेतल्या, मग बाकीचा ड्रॉवर.